आईच्या साड्यांच्या पट्ट्या, आजीच्या लुगड्याचा काठ

गोधडीच्या वरच्या भागाला चारही बाजूंनी पट्टी लावून झाली, हॉलमधलं टेबल भिंतीला सरकवलं आणि सगळं फरशीवर अंथरलं तर मधला भाग छान सपाट आणि कडा मात्र उन्हात वाळत घातलेल्या पापडासारख्या वरखाली. हाताने दाबलं की इकडची लाट तिकडे जायची. इस्त्रीने बसेल असं वाटलं म्हणून इस्त्री केली, तर लाटांच्या घड्या झाल्या. आई खुर्चीवर बसून बघत होती, ती एवढंच म्हणाली, "उसव."

हे सगळं सविस्तर लिहितेय कारण पट्ट्या जोडणं आणि काठ लावणं ही गोधडीतली दिसायला सगळ्यात सोपी कामं आहेत, सरळ टिपा तर मारायच्या, पण माझा सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला आणि जे कळलं ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं फार वाटलं.

तर आई. आईने आयुष्यभर शाळेत शिकवलं आणि आयुष्यभर सुती साड्या नेसल्या. रविवारी सकाळी भाताच्या पेजेची खळ, दोरीवर कडक वाळलेल्या साड्या, त्यांचा एक वेगळाच वास. आता गुडघ्यांमुळे ती घरात ड्रेसच घालते, आणि मागच्या दिवाळीच्या आधी कपाट आवरताना तिनेच ११ साड्या काढून माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाली ह्यांची गोधडी कर, भांडेवालीला देऊ नको. मला इतकं बरं वाटलं ना, कारण माझ्या मनात कधीचं होतं पण मागायचं धाडस होत नव्हतं.

११ मधल्या ७ घेतल्या. दोन तर आईनेच परत उचलल्या, एक माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी नेसलेली म्हणून आणि दुसरी बाबांनी आणलेली म्हणून. उरलेल्या दोन सुती वाटत होत्या पण नव्हत्या. हे ओळखायला सोपं आहे, साडीचा एक धागा ओढून काढायचा आणि चिमट्यात धरून काडी लावायची, सुती धागा कागदासारखा जळतो आणि बोटाने चुरगळली तर राख होते, टेरिकॉट किंवा पॉलिस्टर असेल तर वितळून टोकाला कडक गोळी होते. असं मिश्र कापड मी गोधडीत घालत नाही. अंगाला ते मऊ लागत नाही.

साड्या एकेक करून खिडकीत उजेडासमोर धरल्या. जुनी साडी सगळीकडे सारखी विरत नाही, बसायच्या जागी आणि खाली पायाजवळ विरते, आत खोचलेला भाग आणि काठ टिकून असतात. जिथून उजेड जास्त येतो तिथे खडूने फुल्या मारल्या आणि तो भाग सोडून दिला. मग सगळ्या साड्यांना हलकी खळ. लोकांना वाटतं खळ फक्त नेसायच्या साडीला, पण इतकी धुतलेली वॉयलची साडी म्हणजे हातात पाणी धरल्यासारखं असतं, कापताना सरकते, मशीनखाली सरकते, खळ करून इस्त्री केली की तिला अंग येतं आणि पट्टी पट्टीसारखी वागते. गोधडी झाल्यावर पहिल्या धुण्यात खळ निघून जाते.

पट्ट्या मी कापल्या नाहीत, फाडल्या. कात्रीने इंचभर काप द्यायचा आणि दोन्ही हातांनी ओढायचं, सुती साडी धाग्याच्या रेषेत सरळ फाटत जाते. आई त्या आवाजाला पहिल्या दोन साड्यांपर्यंत आत जाऊन बसली. तिसरीला बाहेर आली आणि मग तीच एक टोक धरून उभी राहिली. फाडताना लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे साडीच्या लांबीच्या दिशेने फाडायचं. साडीची लांबी म्हणजे ताणा, मागावर ताणून बसवलेले धागे, ते फारसे खेचले जात नाहीत. आडवे धागे म्हणजे बाणा, त्या दिशेने कापड जास्त ढिलं असतं. पट्टी लांबीच्या दिशेने काढली तर ती शिवताना वाढत नाही, आडवी काढली तर वाढते, आणि सगळ्यात वाईट उरेब, तिरकी पट्टी तर रबरासारखी वाढते. फाडल्यामुळे कडेचे दोनचार धागे सुटतात म्हणून ३ इंच हव्या असलेल्या पट्ट्या मी सव्वातीन इंच फाडल्या आणि मग मोजपट्टी ठेवून, रोटरी कटरने (गोल फिरत्या पात्याच्या कटरने) कडा साफ करून बरोबर ३ इंच केल्या. नुसत्या फाडूनही करता येतं, माझी आत्या तसंच करते, पण तिच्या हाताला सवय आहे.

अमेरिकेत अडीच इंच रुंदीच्या तयार पट्ट्यांचा रोल मिळतो, त्याला जेली रोल म्हणतात, ४० पट्ट्या एकात, रंग जुळवलेले. आपल्याकडे आता ऑनलाइन तसले रोल दिसतात. सुरुवात करायला चांगलं आहे ते, खोटं बोलणार नाही. पण प्रत्येक पट्टी हातात घेतल्यावर ही शनिवारची, ही स्नेहसंमेलनाची असं कुणीतरी सांगणारं शेजारी बसलेलं असणं ही वेगळी गोष्ट आहे.

हिशोब असा केला होता. ३ इंचाची पट्टी, दोन्ही बाजूंनी पाव पाव इंच शिवणीत जाणार, म्हणजे शिवून झाल्यावर अडीच इंच दिसणार. अशा १८ पट्ट्या उभ्या, म्हणजे ४५ इंच रुंदी, आणि लांबी ६६ इंच. त्याला २ इंच काळ्या पॉपलीनची चौकट आणि त्याच्या बाहेर ४ इंच काठ. सगळं मिळून ५७ बाय ७८, एका माणसाच्या पलंगावर दोन्ही बाजूंनी लोंबेल एवढी.

आता ६६ इंच अखंड पट्टी प्रत्येक साडीतून निघत होती असं नाही, विरलेले भाग सोडल्यावर कुठे ४०, कुठे २५ इंचाचे तुकडे हातात आले. त्यामुळे आधी तुकडे टोकाला टोक लावून लांब करायचे. इथे दोन मार्ग आहेत, सरळ जोड आणि तिरका जोड. सरळ जोड म्हणजे टोकं एकमेकांवर ठेवून टीप. त्यात कापड कमी जातं, अर्धा इंच फक्त. तिरका जोड म्हणजे दोन पट्ट्यांची टोकं काटकोनात एकमेकांवर ठेवायची, सुलट बाजू आत, आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी टीप मारायची, मग पाव इंच सोडून बाकीचा त्रिकोण कापायचा. ह्यात ३ इंच पट्टीला ३ इंच लांबी जाते, जुन्या साडीच्या बाबतीत ते जिवावर येतं, पण मी तरीही तिरकाच जोड घेतला. कारण सरळ जोडात शिवणीचे सगळे पदर एकाच रेषेवर येतात, तिथे गाठीसारखं जाड होतं, पुढे हाताने धावदोरा घालताना सुई अडते. तिरक्या जोडात तो जाडपणा पसरतो. आणि दिसायलाही तिरका जोड रंगातून रंगात सरकल्यासारखा दिसतो, सरळ जोड ठिगळासारखा. दोन्ही पट्ट्यांच्या कडा जिथे एकमेकींना छेदतात, बरोबर तिथून तिथपर्यंत टीप गेली पाहिजे, नाहीतर उलगडल्यावर पट्टीला पायरी पडते. मी पहिल्या तीन जोडांना ही पायरी पाडली होती.

मग पट्ट्या शेजारी शेजारी जोडायला घेतल्या. ६ पट्ट्या झाल्यावर सहज मेजरटेप लावली. साडेपंधरा इंच यायला हवं होतं, पंधरालाही एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी आलं. म्हणजे पाच जोडांत पाच सूत गेलं. माझ्या मशीनच्या पायाची कड सुईपासून पाव इंचावर आहे असं मी इतकी वर्षं धरून चालले होते, ती अर्धं सूत जास्त आहे. ब्लाउज शिवताना, पिशव्या शिवताना अर्ध्या सुताने काही बिघडत नाही. पण इथे प्रत्येक जोडात दोन पट्ट्या असतात, दोन्हींतून अर्धं अर्धं सूत जातं म्हणजे एक सूत, आणि १८ पट्ट्यांचे १७ जोड म्हणजे १७ सूत, दोन इंचांच्या वर कापड नुसतं शिवणीत गेलं असतं. ते गेलं असतं तरी चाललं असतं एकवेळ, पण हात स्थिर नसेल तर एका टोकाला जास्त जातं, दुसऱ्या टोकाला कमी जातं, आणि मग चौकोन चौकोन राहत नाही.

उपाय साधा आहे. आखीव कागदावर कडेपासून पाव इंचावर रेघ मारायची, दोरा न ओवता सुई त्या रेघेवर टोचायची, आणि कागदाची कड जिथे येते तिथे मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टीचे चारपाच थर लावायचे, म्हणजे एक छोटी भिंत होते. कापड त्या भिंतीला घासत न्यायचं. बास. पायाकडे बघायचंच नाही. त्या ६ पट्ट्या मी उसवल्या आणि परत शिवल्या.

दुसरी गोष्ट, टिपेची दिशा. सगळ्या पट्ट्या वरून खाली अशाच शिवत गेलं की हळूहळू सगळं एका बाजूला वाकायला लागतं, धनुष्यासारखं. कारण मशीनचे दाते खालचं कापड पुढे ढकलतात आणि वरचं कापड पायाखाली थोडं मागे राहतं, प्रत्येक टिपेला केसभर फरक, पण तो एकाच दिशेने साठत जातो. म्हणून एक जोड वरून खाली, पुढचा खालून वर. आणि तीनचार पट्ट्या एकदम न जोडता आधी दोन दोनच्या जोड्या करायच्या, मग जोड्यांच्या जोड्या, म्हणजे लांब कापड मशीनवरून ओघळून ओढ देत नाही.

इस्त्रीबद्दल एक. इस्त्री फिरवायची नाही, ठेवायची आणि उचलायची. आपण शर्टाला करतो तशी ढकलत नेली की पट्टी लांब होते. शिवणीचं मार्जिन गडद पट्टीच्या बाजूला झोपवायचं, नाहीतर फिक्या वॉयलमधून गडद कड वरून दिसत राहते. माझ्याकडे आईची एक पांढरी, निळ्या ठिपक्यांची साडी होती, तिच्यात हे फार दिसतं.

हे सगळं होऊन मधला भाग खरंच सुंदर झाला. आईने हात फिरवला त्यावरून. आणि इथे मी घाई केली. काळ्या पॉपलीनची लांब पट्टी घेतली, कडेला लावली, मशीनवर सरळ शिवत गेले आणि शेवटी जास्तीचं कापून टाकलं. चारही बाजूंना तसंच. वर सांगितलेला पापड तो हाच.

उसवायला दोन संध्याकाळी गेल्या. नवीन पॉपलीन असतं तर चरचर उसवता येतं, पण जुन्या साडीचा धागा टिपेच्या धाग्यापेक्षा कमजोर असतो, चुकून तोच तुटतो. प्रत्येक चौथा टाका कापायचा आणि मग पॉपलीनच्या बाजूचा दोरा ओढून काढायचा, साडीच्या बाजूने ओढायचंच नाही.

त्याच आठवड्यात आत्या आली. माझी आत्या मिरजेजवळ राहते, तिने किती गोधड्या शिवल्या असतील ह्याची मोजदाद तिच्याकडेही नाही, घरातल्या, शेजारच्या, गावातल्या बाळंतिणींची दुपटी. तिच्याकडे वाकळ म्हणतात. तिने माझा मधला भाग उचलला, मध्ये घडी घातली, कडेशी कड लावली आणि मला दाखवलं. कड मधल्यापेक्षा लांब होती. "हे बघ, हिथं कापड सैल झालंय आन् तू सैल कापडालाच काठ मापलास. काठ मधून मापायचा. कापड ओढलं की ते मनात धरून बसतं, धुतलं की दाखवतं."

मेजरटेप घेऊन मापलं तर डावी कड ६७, मध्ये सव्वासहासष्ट, उजवी कड पावणेसदुसष्ट. वरची आणि खालची बाजू तर आणखी वाईट, मध्ये बरोबर साडेपंचेचाळीस आणि वरच्या टोकाला सव्वासेहेचाळीस. हे का ते नंतर नीट कळलं. मधल्या पट्ट्यांना दोन्ही बाजूंनी शिवणीने धरलेलं असतं, कडेची पट्टी एका बाजूने मोकळी, आपण उचलतो, ठेवतो, इस्त्री करतो तशी ती सैल होत जाते. आणि वरच्या खालच्या टोकाला पट्ट्यांचा आडवा धागा, बाणा, म्हणून ती बाजू जास्त वाढते. मी सरळ कडेला पट्टी शिवत गेले तेव्हा त्या वाढलेल्या लांबीएवढी पॉपलीनची पट्टी बसली, म्हणजे मधल्या कापडाला जेवढी हवी त्याच्यापेक्षा अर्धा पाऊण इंच जास्त. ते जास्तीचं कुठे जाणार, लाट होऊनच उभं राहणार.

तर काठ लावायची पद्धत, जी मी आता कधीच सोडणार नाही. तीन ठिकाणी मापायचं, मध्ये आणि दोन्ही कडांपासून थोडं आत, अगदी कडेवर नाही. तिन्हींची सरासरी काढायची, माझी साडेसहासष्ट धरली. त्या मापाच्या दोन पट्ट्या कापायच्या, दोन्ही एकत्र कापायच्या म्हणजे समोरासमोरच्या बाजू सारख्याच होतात. मग पट्टीची घडी घालून मध्य, पाव, पाऊण अशा खुणा करायच्या, कापडावरही तशाच खुणा, आणि खुणेला खूण लावून टाचण्या. आता दोन खुणांमध्ये कापड थोडं जास्त असेल, ते टाचण्यांनी सारखं वाटून द्यायचं. शिवताना जे जास्तीचं आहे ते खाली ठेवायचं, दात्यांच्या बाजूला, कारण दाते खालचं कापड जरा जास्त आत घेतात, ते आपोआप सामावलं जातं. माझ्या डाव्या बाजूला अर्धा इंच जास्त होतं, ६६ इंचात अर्धा इंच सहज गिळला गेला, एक चुणी दिसत नाही. आधी उभ्या बाजू, मग त्या धरून परत तीन ठिकाणी मापून आडव्या.

पॉपलीन मात्र आधी धुवून घ्या. नवीन कापड आटतं, साड्या शंभर वेळा धुतलेल्या, त्यांचं जे आटायचं ते कधीच आटून झालेलं आहे. काळ्याचा रंगही जातो. मी पाणी निवळ येईपर्यंत धुतलं, चार वेळा, आणि शेवटी ओलं असताना वर पांढरा कपडा ठेवून इस्त्रीने दाबून बघितलं.

आता आजीचा काठ. आजीचं एक इरकल लुगडं होतं, बाजरीच्या कणसासारखा हिरवा रंग आणि तांबडा काठ, ट्रंकेत वर्षानुवर्षं. अंगात ठिकठिकाणी घडीवर चिरलं होतं, नेसता येण्यासारखं नव्हतं, पण दोन्ही काठ धडधाकट. काठाचं विणकाम दाट असतं त्यामुळे लुगडं जातं आणि काठ राहतो, म्हणून पूर्वी बायका जुना काठ काढून परकराला, पिशवीला लावायच्या. आत्यानेच ते लुगडं आणलं होतं. तिने पदराजवळ बोट फिरवलं आणि मला म्हणाली इथे हात लाव. तिथे आडवी एक बारीकशी उंच रेघ लागते बोटाला. इरकलमध्ये अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगळा असतो, अंग बहुतेक सुती आणि पदर रेशमी, आणि विणकर मागावरच अंगाच्या धाग्यांचे फास पदराच्या धाग्यांच्या फासांत अडकवून दोन्ही जोडतात, ह्या जोडाला टोपे टेनी म्हणतात. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलची (त्यावरूनच इरकल) ही खासियत, आणि आपल्याकडे सांगली, कोल्हापूर, सोलापूरच्या किती बायकांनी ही लुगडी आयुष्यभर नेसली. मी आठवडाभर पाव इंचाच्या जोडाशी झगडत होते आणि इथे हजारो धाग्यांचा जोड एका रेषेत, शिवण नाही, सुई नाही. मी कितीतरी वेळ तिथेच बोट फिरवत बसले.

पदर आणि तो जोड कापला नाही. तो भाग अख्खा ठेवलाय. काठ तेवढे काढले.

लुगडं नऊवारी असल्यामुळे लांबीची चिंता नव्हती, सव्वाआठ मीटरच्या आसपास एकेक काठ. काठाला कोपऱ्यात दुमड द्यायची ठरवलं, फोटो फ्रेमसारखी तिरकी, कारण ह्या काठाला रेघा आहेत आणि त्या कोपऱ्यात वळून पुढे गेल्या तरच डोळ्याला बरं वाटतं. त्यासाठी पट्टी बाजूच्या लांबीपेक्षा बरीच मोठी लागते. काळ्या चौकटीसकट आत ४९ बाय ७० झालं होतं, काठ ४ इंच, म्हणजे लांब बाजूला ७० अधिक दोन्हीकडचे ४ असे ७८ आणि हाताशी असावे म्हणून आणखी ४, एकूण ८२ इंच. आडव्या बाजूला ६१. मध्याला मध्य लावायचा, टीप कोपऱ्याच्या पाव इंच आधी सुरू करायची आणि दुसऱ्या कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबवायची, दोन्ही टोकांना उलट टीप देऊन पक्की. चारही काठ असे लावले की कोपऱ्यात दोन मोकळी टोकं राहतात. एक टोक ४५ अंशांत दुमडून इस्त्री, त्या इस्त्रीच्या रेघेवर आतून बाहेर टीप. मी आधी कच्चा दोरा घातला, उलटून बघितलं, रेघेला रेघ मिळाली का ते, आणि मगच मशीनवर घेतलं. चारपैकी एक कोपरा तीनदा केला. आता चारही मिळतात.

पहिल्यांदा परत फरशीवर अंथरलं तेव्हा कुठेही हाताने दाबावं लागलं नाही. आत्या चष्मा लावून चारी बाजूंनी फिरली.

मग थर. खाली अस्तर म्हणून दोन जुनी धोतरं जोडली, मध्ये साड्यांचे उरलेले, न फाडलेले, विरळ भाग दोन पदरी. कापूस किंवा बॅटिंग, म्हणजे तयार भराव, घातलं नाही, आपल्या हवेत गोधडीला थरच पुरतात. इथे माझं आणि आत्याचं थोडं वाजलं. मी व्हिडिओत बघितलं होतं की मधून सुरुवात करून बाहेर जायचं, म्हणजे थर सपाट होत बाहेर सरकतात. आत्याची पद्धत काठापासून सुरू करायची, चौकोनात चौकोन असं आत आत जात मध्ये संपवायचं. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकेतून आलेल्या समाजाच्या, बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात त्याही कडेपासूनच आत जातात, आणि शेवटी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुलं लावतात. पण कवंदीत तुकडे थरांवरच ठेवत, टाके घालत पुढे जायचं असतं, काठ आधीच बसलेला असतो, त्यामुळे मला आला तो लाटांचा प्रश्न तिथे येतच नाही. माझा वरचा भाग आधीच शिवून तयार होता, काठापासून आत जायचं तर सगळी सैल हवा मध्ये गोळा होऊन फुगवटा येण्याची भीती. आत्याने ऐकून घेतलं आणि म्हणाली मग कच्चा दोरा दाट घाल. तसंच केलं, तांदळाचे, डाळीचे डबे चारी कोपऱ्यांवर ठेवून थर ताणले, वीतभर अंतरावर उभाआडवा कच्चा दोरा घातला, आणि मग काठापासून आत धावदोरा. फुगवटा आला नाही. माझं मत विचाराल तर कच्चा दोरा असा घातला असेल तर दोन्ही पद्धती चालतात, आणि काठापासून गेल्याचा एक फायदा म्हणजे काठ सगळ्यात आधी पक्का होतो, मांडीवर घेऊन शिवताना इकडेतिकडे खेचला जात नाही.

धावदोऱ्याला अडीच महिने लागले. रोज रात्री तासभर. अर्ध्या बोटाच्या अंतरावर ओळी. आई डावीकडून घालायची, मी उजवीकडून. आईचे टाके माझ्यापेक्षा बारीक आहेत, कुठली बाजू कुणाची ते कळतं, आणि ते तसंच राहू दे असं मला वाटतं.

सगळ्यात शेवटी गोट, म्हणजे सगळ्या थरांची कड झाकणारी दुमडलेली पट्टी. घेर २७० इंच, कोपऱ्यांच्या दुमडींना आणि शेवटच्या जोडाला धरून २८२ इंचांची पट्टी लागली, अडीच इंच रुंद, दुहेरी दुमडून. ही पट्टीही तिरक्या जोडांनीच लांब केली. आमचे टेलरकाका म्हणाले गोट उरेबच हवा. वळणदार कडेला हवाच, पण सरळ कडेला सरळ पट्टी चालते. उरेबचा फायदा एवढाच की दुमडीवर एकच धागा सलग झिजत नाही, तिरके पुष्कळ धागे मिळून झीज घेतात, म्हणून तो जास्त वर्षं टिकतो. पण त्याला कापड फार जातं आणि माझ्याकडे त्या ठिपक्यांच्या साडीचा तेवढाच भाग उरला होता. म्हणून सरळ. गोट झिजला तर बदलता येतो.

परवा पहिल्यांदा धुतली. भिजल्यावर इतकी जड झाली की पिळायला दोघी लागलो, मग गच्चीत दोन दोऱ्यांवर आडवी टाकली, एका दोरीवर टाकलं असतं तर ओझ्याने मधून ताणली गेली असती. संध्याकाळी आणली तेव्हा खळ निघून गेली होती आणि सगळं अंग मऊ, टाक्यांच्या मध्ये बारीक बारीक सुरकुत्या आलेल्या. काठ फरशीवर टाकून बघितला. सपाट. आईने सातव्या पट्टीवर शाईचा एक फिका डाग शोधून काढला, लाल शाईचा, पेपर तपासतानाचा. मी फाडताना तो बघितलाच नव्हता.

१४ पट्ट्या अजून उरल्यात, बहुतेक २५ इंचांच्या आतल्या. वरच्या मजल्यावरच्या मुलीला मार्चमध्ये बाळ होणार आहे, तिच्यासाठी दुपटं होईल त्यात. त्याला काठ खणाचा लावावा असं आत्याचं म्हणणं आहे, मला खण बाळाच्या अंगाला टोचेल असं वाटतं. आईने परत उचललेली ती बाबांची साडी काल कपाटाबाहेर काढून ठेवलीय, अजून काही बोलली नाहीये.